दारू पिऊन ट्रेलर चालवला, तरी 10 हजार दंड भरून सुटायचं?

घोडबंदरकर: परवा रात्री साडेबाराला गायमुखच्या चढावर माझ्या स्कूटरपुढे एक ट्रेलर होता, मागचा भाग नुसता झोकांड्या खातोय, मी हॉर्नसुद्धा दिला नाही, म्हटलं दचकून ब्रेक मारला तर मीच खाली जायचो. पुढे नाकाबंदीत त्याला उतरवून मशीनमध्ये फुंकायला लावलं, तर गडी दाराचा दांडा धरून उभा, दांडा सोडला असता तर पडलाच असता. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 185 काय म्हणतं, पहिल्यांदा 10 हजार दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा 15 हजार किंवा 2 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. स्कूटरवाल्याला जे, तेच ट्रेलरवाल्याला. माझं स्पष्ट मत, धंद्याची गाडी चालवणाऱ्याला रक्तातल्या दारूची मर्यादा शून्य पाहिजे आणि पहिल्याच वेळी लायसन कायमचं जप्त.

कळंबोली ट्रेलर: दोन गाड्या आहेत माझ्या, न्हावाशेवा ते भिवंडी धावतात, म्हणून बोलतो. पिऊन गाडी चालवायचं समर्थन अजिबात नाही. पण कायमचं लायसन काढलं की तो माणूस गावाला जाऊन काय करणार, गाडी सोडून दुसरं काही येत नाही त्याला. जरा त्याची केबिन बघा. पोर्टच्या लाईनीत कधी दोन दोन रात्री, मच्छर, संडासाची सोय नाही, सीटमागच्या फळीवर झोप, बाजूला क्लीनरचा स्टोव्ह. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा 1961 चा कायदा 2025 पर्यंत होता, त्यात दिवसाला 8 तास लिहिले होते, ते कोणी मोजले? सगळा राग ड्रायव्हरवरच का?

ऐरोली सेक्टर 8: दादा, मच्छर सगळ्यांनाच चावतात. माझा चुलतभाऊ शिळफाट्यावर अपघातात गेला, 26 वर्षांचा, कामावरून घरी येत होता, टेम्पोवाला प्यायलेला. हॉस्पिटलमध्ये काकूच्या हातात त्याचा डबा दिला, बंदच होता, दुपारी जेवायलाच वेळ मिळाला नव्हता त्याला. झोप नाही झाली तर गाडी बाजूला लाव ना, क्वार्टर कशाला लावतोस?

ठाणे कोर्ट नाका: वकिली करतो म्हणून थोडं सांगतो. मर्यादेवरून भांडण्यात अर्थ नाही, आपल्याकडे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम म्हणजे 0.03 टक्के, तीही सगळ्यांना. अमेरिकेत बहुतेक राज्यांत साध्या ड्रायव्हरला 0.08 आणि ट्रकवाल्याला 0.04, म्हणजे कागदावर आपणच कडक. फरक पुढे आहे. तिकडे पहिल्याच वेळी ट्रकचं लायसन 1 वर्ष जातं, दुसऱ्यांदा आयुष्यभरासाठी. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्ये किमान 3 महिने निलंबन सांगितलंय. आणि कलम 188 कोणी वाचतच नाही, 185 च्या गुन्ह्याला जो चिथावणी किंवा मदत देतो त्यालाही तीच शिक्षा. प्यायलेला दिसतोय तरी "गाडी काढ, माल पोचला पाहिजे" म्हणणारा सुपरवायझर त्यात बसू शकतो.

घोडबंदरकर: हे 188 मला माहीतच नव्हतं. ठीक आहे, कायमचं हा शब्द मागे घेतो, पण 3 महिने अगदीच कमी वाटतात, तेवढ्यात तो गावी जाऊन लग्नसराई उरकून परत येतो. 1 वर्ष पाहिजेच. आणि दारूची दुकानं? सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये हायवेपासून 500 मीटर सांगितलं, मग 2017 मध्ये शहरांच्या हद्दीला तो नियम नाही असा खुलासा झाला, आपला अख्खा ठाणे पट्टा त्यातून सुटला.

कळंबोली ट्रेलर: 1 वर्षाला माझी ना नाही, खरंच. पण मग मालकाला पण धरा. मागच्या वर्षी मी एका ड्रायव्हरला वास आला म्हणून जागेवर उतरवला, चार दिवसांनी तोच माणूस दुसऱ्याच्या ट्रेलरवर दिसला, मला कोणी फोन करून विचारलं पण नाही की का काढला. भाडं चुकू नये म्हणून कोणालाही बसवतात. मी तेव्हापासून फुंकायचं मशीन घेऊन ठेवलंय.

ऐरोली सेक्टर 8: चांगलं केलंत, मनापासून सांगते. पण रात्री 2 वाजता गाडी निघते तेव्हा ते मशीन कोणाच्या हातात असतं?

कळंबोली ट्रेलर: सुपरवायझरच्या, ताई. तो नसेल त्या रात्री चावी माझ्या घरी असते, ड्रायव्हर येतो, दारात फुंकतो, मग चावी नेतो. बायको वैतागते, पण चालू आहे.