थ्रिलर अल्बम: 'द गर्ल इज माइन' तुम्हीपण स्किप करता का?

शफलग्रस्त:
काल रात्री हेडफोन लावून थ्रिलर पहिल्यांदाच सलग ऐकला. गाणी सगळी पाठ आहेत पण कायम सुटीसुटी ऐकलेली, मायकल जॅक्सनचा फॅन म्हणवतो आणि ही अवस्था, असो. नऊच गाणी आहेत. 'वॉना बी स्टार्टिन समथिन' सहा मिनिटांचं आहे हे जाणवतसुद्धा नाही. 'बेबी बी माइन'कडे आजवर लक्षच गेलं नव्हतं, बेस काय कमाल आहे त्यात! आणि मग तिसरं 'द गर्ल इज माइन'. सोबत बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी आहे, मान्य, पण दोन एवढे मोठे गायक एका मुलीवरून शाळकरी पोरांसारखे भांडतायत आणि तेही इतक्या गोडीगुलाबीने की भांडणात पण दम नाही. तिथे अल्बमची हवाच जाते. वर १९८२ मध्ये पहिलं सिंगल (अल्बममधून सुटं काढलेलं गाणं) म्हणून हेच काढलं, 'बिली जीन' हातात असताना. का???
माझं आवडतं 'ह्युमन नेचर', त्यावर वाद नको.

रेडिओवाली:
अहो, तेव्हा एमटीव्हीवर कृष्णवर्णीय गायकांचे व्हिडिओ फारसे दिसतच नव्हते, मग मॅकार्टनीचं नाव आहे म्हटल्यावर रेडिओवाले नाही म्हणणार नाहीत, एवढं साधं गणित असणार. चाललंही, अमेरिकेत दोन नंबरपर्यंत गेलं. मी स्किप नाही करत, त्याच्यानंतर लगेच 'थ्रिलर' गाण्याच्या सुरुवातीला दार करकरतं ना, ते त्या गोडव्यानंतरच जास्त अंगावर येतं.

ढोलकीबहाद्दर:
'बिली जीन'चा विषय निघालाच आहे तर, सुरुवात परत ऐका. आधी नुसते ड्रम, मग बेस, मग ते दबकत येणारे कीबोर्ड, मायकल तोंड उघडेपर्यंत जवळजवळ अर्धा मिनिट जातो. प्रोड्युसर क्विन्सी जोन्सला ते लांबलचक वाटत होतं, कापूया म्हणाला, मायकल म्हणाला याच्यावरच तर मला नाचावंसं वाटतं. कापलं असतं तर गेलं असतं गाणं कामातून.
आणि 'बीट इट'मध्ये एडी व्हॅन हेलनचा गिटार सोलो सुरू व्हायच्या जरा आधी दार ठोठावल्यासारखा आवाज येतो, हेडफोन आहेतच तर बघा सापडतो का.

रेडिओवाली:
शेवटच्या 'द लेडी इन माय लाइफ'बद्दल कोणीच बोलत नाही!! एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकडीच्या, एका बाजूला जास्त मिनिटं कोंबली की खाचा बारीक होतात आणि आवाज पडतो, म्हणून त्यातलं एक कडवंच उडवलं होतं. तरी शेवटी मायकल जे मोकळं सुटून गातो ते बाकी आठ गाण्यांत कुठेही नाही.

शफलग्रस्त:
ठोठावणं सापडलं!! इतकी वर्षं मला वाटायचं बाहेर कोणीतरी आलंय. 'लेडी' आता लावतोय. 'गर्ल इज माइन' दार करकरेपर्यंत सहन करून बघतो एकदा, पण एकदाच.