दर प्रयोगाचा नको, पूर्ण दिवसाचा धरा

नाटकाच्या दिव्यांचं काम घेताना प्रयोगामागे ठोक रक्कम सांगा, असं एकानं सुचवलंय. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, ते अंगाशी येतं. इथं दिवाळीनंतर मंडईचे (गावोगावच्या जत्रांचे) दिवस लागले की नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. दुपारीच वडसा (गडचिरोली जिल्हा) इथून सामान निघतं, शेतातल्या मंडपात बांबूंना पार (रंगमंचावरचे मोठे दिवे) बांधायचे, वायरी ओढायच्या, उजाडल्यावर सगळं उतरवायचं. एका प्रयोगात पूर्ण दिवस जातो, मजुरी तेवढ्याचीच लावा.

विजेचं तर आधीच बोला. हजार वॉटचे दहा पार म्हणजे 10 किलोवॉट, 230 व्होल्टवर साधारण 43 अँपिअर. घरगुती मीटरला हे झेपत नाही. एका गावात मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या अंकात वायर जळल्याचा वास सुटला, निम्मे दिवे बंद करून नाटक पार पाडलं. डिमरच्या (उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या) दुरुस्तीचे पैसे माझ्याच खिशातून गेले. तेव्हापासून जनरेटर आणि डिझेल आयोजकांचं, हे सुपारी (प्रयोगाचं काम) घेतानाच वहीत लिहून सही घेतो.

हेल्परची मजुरी, गाडीभाडं वेगळं मांडा. होळीनंतर काम जवळपास थांबतं, म्हणून बल्ब-वायरींचा वर्षाचा खर्चही या हंगामातच वसूल करावा लागतो.