अनुभव धागा : ‘एवढ्याने भागेल?’ – स्तनाच्या कर्करोगाचे सौम्य होत गेलेले उपचार

धागाकर्ती
स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसिका ग्रंथीही काढणारी, अमेरिकन शल्यचिकित्सक हाल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली शस्त्रक्रिया पुढे कित्येक दशके नियमासारखी चालली. त्यामुळे ‘कमी उपचार म्हणजे हयगय’ ही धास्ती घराघरांत अजून मुरलेली आहे. माझी गाठ दीड सेंटीमीटरची होती. डॉक्टरांनी केवळ गाठ काढून रेडिएशन देण्याचे सुचवले, तेव्हा पूर्ण स्तन काढण्याचा आग्रह मीच धरला होता. त्यांनी अमेरिकन शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीचे २००२ साली प्रसिद्ध झालेले वीस वर्षांचे निष्कर्ष समोर ठेवले : स्तन काढलेल्या आणि राखलेल्या स्त्रियांच्या आयुष्यमानात फरक पडला नव्हता, मात्र नुसती गाठ काढलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के जणींच्या त्याच स्तनात रोग उलटला होता आणि रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्क्यांवर आले होते. शून्यावर आले नव्हते, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले, आणि बहुधा त्यामुळेच माझा विश्वास बसला. ज्यांना असे ‘कमी’ सुचवले गेले, त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १
माझ्या मावशीच्या काखेतील बहुतेक ग्रंथी काढल्यामुळे तिचा हात कायमचा सुजला; कपडे शिवताना एका बाहीचे माप वेगळे द्यावे लागे. माझ्या वेळी निळे रंगद्रव्य टोचून, ते आधी पोहोचले त्या दोनच सेंटिनेल (रोग पसरला तर आधी जिथे पोहोचतो अशा) ग्रंथी काढून तपासल्या आणि त्या स्वच्छ निघाल्या, म्हणून बाकीच्या राखल्या. (दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी झाल्यावर मी हादरले, एवढी कल्पना कोणीतरी आधी द्यायला हवी होती.)

प्रतिसाद २
वय ५६, ग्रंथी स्वच्छ, गाठ हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेली). रोग उलटण्याचा धोका सांगणाऱ्या, गाठीतील २१ जनुकांच्या तपासणीत गुणांक १७ आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या टेलर-एक्स चाचणीत अशा गुणांकाच्या, पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांना किमोचा जास्तीचा लाभ दिसला नव्हता, म्हणून माझी किमो टळली. तरीही ‘सौम्य’ या शब्दाला माझा थोडा आक्षेप आहे : लेट्रोझोल या हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्यांनी सकाळी उठताना बोटे वळत नाहीत, आणि हे रोजचे दुखणे कोणाला दाखवता येत नाही.

प्रतिसाद ३
ताईचे रेडिएशन पाच सिटिंगमध्ये, एका आठवड्यात संपले. २०२० सालच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने हे तीन आठवड्यांच्या पंधरा सिटिंगइतकेच परिणामकारक ठरवले आहे.

प्रतिसाद ४
माझी गाठ ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हार्मोनच्या गोळ्या किंवा हर-टूवरील औषधे जिला लागू पडत नाहीत अशी होती. किमो टाळण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु ती शस्त्रक्रियेच्या आधी दिल्यामुळे चार सेंटीमीटरची गाठ एकावर आली आणि काढायचा ठरलेला स्तन राखता आला. केस गेले, चव गेली. हा अनुभव या धाग्यात बसतो का, हे धागाकर्तीने सांगावे.

धागाकर्ती
नक्कीच बसतो. किमोपूर्वी गाठीत क्लिप (खुणेसाठीचा धातूचा बारीक तुकडा) बसवली होती का, तेही लिहावे. गाठ पूर्ण विरघळली तर शस्त्रक्रियेच्या वेळी तिची जागा सापडावी, म्हणून ती ठेवतात.