गोगाँचं ताहिती आणि साम्राज्याची बोट

खडूफळा
एका चित्रकला ग्रुपवर कोणीतरी गोगाँ या फ्रेंच चित्रकाराची ताहितीची चित्रं टाकली आणि खाली सगळ्यांचा एकच सूर, किती निरागस, किती आदिम, शहराला विटून निसर्गाकडे गेलेला कलंदर वगैरे वगैरे. अहो पण हा माणूस 1891 ला तिथे गेला कसा ते तरी बघा. ताहिती हे प्रशांत महासागरातलं बेट फ्रान्सने 1880 लाच गिळलं होतं. गोगाँकडे फ्रेंच सरकारचं अधिकृत पत्र होतं, कला-कामगिरीवर पाठवलाय असं, पगार नाही पण भाड्यात सवलत. तिथल्या राजधानीत, पपीतेला, उतरला तर समोर गव्हर्नर, शिपाई, मिशनरी आणि गळ्यापर्यंत बंद झगे घातलेल्या बायका. काही दिवसांत तिथला शेवटचा राजा पाचवा पोमारे पण वारला. मग जुने देव आणले कुठून? मोरेनहुट नावाच्या युरोपियन व्यापाऱ्याचं 1837 चं पुस्तक होतं, त्यातून पानंच्या पानं उतरवून काढली! माझं म्हणणं एवढंच, ते आदिम जग तिथे सापडलेलं नाही, ते पॅरिसच्या गिऱ्हाइकासाठी मांडलेलं आहे, आणि मांडायला जागा साम्राज्याने दिली.

तिरकामठा
मग काय पोहत जायचं होतं का त्याने? त्या काळात कुठेही जा, कुठल्यातरी साम्राज्याच्याच बोटीने जावं लागणार. आणि पुढचं सोयीस्करपणे गाळलंत. शेवटी त्याच महासागरातल्या मार्केसास बेटांवर, तीही फ्रान्सच्याच ताब्यातली, हाच माणूस लोकांना सांगत होता कर भरू नका, पोरांना मिशनच्या शाळेत पाठवू नका. पोलिसाच्या बदनामीबद्दल तीन महिने कैद आणि 500 फ्रँक दंड झाला, आणि अपील व्हायच्या आत मे 1903 मध्ये मेला. साम्राज्याचा दलाल असा मरतो होय?

मृण्मयी_पुणे
तिरकामठा, अर्धीच गोष्ट सांगताय. 1900 मध्ये हाच गोगाँ पपीतेत चिनी लोकांविरुद्ध भाषण ठोकत होता. आणि ताहितीत ज्या मुलीला बायको म्हणून ठेवलं ती तेहामाना? स्वतःच लिहून ठेवलंय की ती तेरा वर्षांची होती, हा चाळिशी ओलांडलेला, घरी डेन्मार्कला बायको आणि पाच मुलं. पोलिसाशी भांडण होतं म्हणून गोरा असण्याचे फायदे नाकारले असं होत नाही ना.

जुना जेजेवाला
चरित्रावरच चाललंय सगळं, जरा चित्र पण बघा की. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधलं 'इया ओराना मारिया' घ्या, 1891 चं. येशूची आई मेरी लाल पारेओ, म्हणजे तिथलं लुगड्यासारखं वस्त्र, गुंडाळून, खांद्यावर बाळ, आणि मागे दोन बायका हात जोडून उभ्या. त्या उभ्या कशा आहेत ते नीट बघा, आपल्याकडच्या माणसाला लगेच ओळखीचं वाटेल, कारण ती ठेवण ताहितीची नाहीच, जावामधल्या बोरोबुदुरच्या बौद्ध स्तूपावरच्या शिल्पपटांवरून घेतलीय. फोटो होते त्याच्याकडे, बरोबर घेऊन गेला होता. आणि 1893 चं तेहामानाचं पोर्ट्रेट काढा, त्यात ती चक्क मिशनरी झग्यात बसलीय. म्हणजे त्याला खरं ताहिती दिसत नव्हतं असं नाही, काढत पण होता अधूनमधून. रंगाला तर तोडच नाही, ते कोणी काहीही म्हणो.

खडूफळा
जेजेवाले, तुम्ही तर माझाच मुद्दा पक्का केलात. जावा डच लोकांच्या ताब्यात. 1889 ला पॅरिसच्या प्रदर्शनात, तेच आयफेल टॉवरवालं, तिथे 'जावाचं गाव' उभं करून माणसं आणून बसवली होती, नाचायला लावली होती, गोगाँ तिथे जाऊन आला होता. मग बौद्ध शिल्प काय, ताहितीची बाई काय, सगळं एकाच पोत्यात, लेबल 'आदिम'. बोरोबुदुर आणि आदिम?? हसावं की रडावं.

तिरकामठा
बरं, गोगाँ सोडा. पिकासो 1907 ला पॅरिसमधल्या ट्रोकादेरोच्या म्युझियममध्ये गेला तेव्हा आफ्रिकेचे मुखवटे तिथे धूळ खात होते, वंशशास्त्राचे नमुने म्हणून. त्यांना शिल्पकला म्हणून वागवलं कोणी? मातिस, पिकासो, देरँ या चित्रकारांनीच ना. आणि उचलायचंच म्हणाल तर आपल्या गोव्यातल्या साळगावच्या चित्रकार सोझाने पिकासोकडून चेहरेच्या चेहरे उचलले, त्याला कोणी चोर म्हणत नाही.

मृण्मयी_पुणे
सोझा 1949 ला लंडनला गेला तो बरोबर पलटण घेऊन नाही गेला. आजच्या नायजेरियातल्या बेनिन शहराचं बघा. 1897 ला ब्रिटिशांनी ते लुटलं, जाळलं, ब्राँझची शिल्पं उचलून नेली. ती दरबारासाठी काम करणाऱ्या ओतारी घराण्यांची कला, राजांच्या पिढ्यांचा इतिहास त्यात. पण पॅरिसच्या मंडळींना भुरळ पडली ती लाकडी मुखवट्यांची, कारण बेनिनची ब्राँझ फारच घोटीव, 'रानटी' वाटेनात. 1910 ला फ्रोबेनियस नावाच्या जर्मनाने नायजेरियातल्याच इफे शहराची शिल्पं पाहिली तर म्हणाला ही अटलांटिसच्या ग्रीकांची असणार! म्हणजे उत्तम निघालं तर आफ्रिकेचं नाही, ओबडधोबड दिसलं तर आफ्रिकेचं. यालाच तुम्ही सन्मान म्हणताय.

पाटीपुस्तक
वाचतोय. 1984 च्या न्यूयॉर्कच्या मोठ्या प्रदर्शनावर हीच टीका झाली होती ना, पिकासोच्या चित्राला तारीख आणि शेजारच्या मुखवट्याला ना तारीख ना नाव?

जुना जेजेवाला
हो तेच, मोमाचं, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या म्युझियमचं. पण नाव लिहायचं कुठून, आणणाऱ्याने विचारलंच नव्हतं. 1931 ते 33 च्या डाकार-जिबुती मोहिमेत, म्हणजे आफ्रिकेतून वस्तू गोळा करायच्या फ्रेंच मोहिमेत, लेरिस नावाचा फ्रेंच लेखक होता, त्याने डायरीत सरळ लिहिलंय की गावातल्या पवित्र वस्तू धाक दाखवून कशा उचलल्या. तो स्वतः अतिवास्तववाद्यांमधला, साम्राज्याविरुद्ध बोलणारा.

तिरकामठा
नावं विचारली नाहीत हे मान्य, तिथे मी भांडत नाही. पण दोष चित्रकाराच्या गळ्यात का? 2021 ला फ्रान्सने बेनिन देशाला (वरचं बेनिन शहर वेगळं) 26 वस्तू परत दिल्या, आणि पॅरिसच्या एकट्या के ब्रान्ली म्युझियममध्ये सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या सुमारे 70,000 वस्तू आहेत. त्या पिकासोने ठेवून घेतल्यात का? सरकारला विचारा की. मेलेल्या चित्रकाराला झोडपणं सोपं आहे, त्याला उत्तर देता येत नाही.

मृण्मयी_पुणे
सरकारला पण विचारू. पण पिकासोच्या 'अविन्याँच्या तरुणी' या चित्रामधल्या उजवीकडच्या दोघींचे चेहरे कुठून आले हे भिंतीवरच्या पाटीवर लिहायला सरकार लागत नाही.