फॅकॉप्स राना: चिठ्ठीवर नाव काय लिहू? आणि हा जगायचा कसा?

प्रश्न (लातूर)
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात अंगाची गुंडाळी केलेला ट्रायलोबाईट (समुद्रातल्या, आता नामशेष झालेल्या कवचधारी प्राण्याचा जीवाश्म) ठेवायचाय. चिठ्ठीवर ‘फॅकॉप्स राना, ओहायो’ आहे. वर्गीकरण बरोबर आहे का? आणि असा बालाघाटच्या डोंगरात सापडेल का, हे पोरं विचारणारच.

उत्तर १
सर, नाव जुनं आहे. १९९०पासून या जातीला एल्ड्रेजिऑप्स राना म्हणतात. गण फॅकॉपिडा, कुळ फॅकॉपिडी, काळ मध्य डेव्होनियन, म्हणजे साधारण ३८-३९ कोटी वर्षांपूर्वीचा. पण आधी दहापट भिंगातून डोळा पाहा. डोळ्यातलं प्रत्येक भिंग सुटं, टपोरं दिसतं आणि ती उभ्या ओळींत असतात. ओळी मोजा: १८ भरल्या तर बहुधा एल्ड्रेजिऑप्स मिलेरी, १७ भरल्या तर राना. ओहायोत मिलेरी भरपूर मिळतो, म्हणून ही मोजणी टाळू नका. याच ओळींवरून जीवाश्मतज्ज्ञ नाइल्स एल्ड्रेज यांनी उत्क्रांती दीर्घ काळ थांबते आणि मग झपाट्यानं घडते, हे दाखवलं. १९७२मध्ये स्टीफन जे गूल्ड यांच्यासोबत मांडलेल्या सिद्धांताला या डोळ्यांचा मोठा आधार होता.

उत्तर २
राहायचा उथळ समुद्राच्या चिखलट तळावर. तोंडाजवळची कठीण पट्टी डोक्यावरच्या ढालीच्या कडेला पक्की जोडलेली असते, त्यामुळे तो किडे-अळ्यांसारखी मऊ शिकार किंवा मेलेलं खात असावा, असा अंदाज आहे. मधल्या भागाचे ११ खंड वाकवून तो पूर्ण गुंडाळायचा. कात टाकताना डोक्याची ढाल अखंड सुटायची, म्हणून कातीत ती बऱ्याचदा उलटी पडलेली सापडते. तुमचा गुंडाळलेला आहे, म्हणजे तो बहुधा कात नव्हे, प्राणीच.

उत्तर ३
बालाघाटात नाही सापडणार. आपला काळा दगड लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ट्रायलोबाईट २५.२ कोटी वर्षांपूर्वीच संपले. देगलूरकडचा ग्रॅनाइट उलट त्यांच्याही आधीचा. दगडावर पानासारखी काळी नक्षी दिसली तर ते मॅंगनीज, जीवाश्म नाही. भारतातले ट्रायलोबाईट पाहायचे तर हिमालयातल्या स्पितीचे.

नमुना खरा आहे का तेही तपासा. अंगावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि डोळ्याच्या जागी गुळगुळीत गोळा असेल, तर ती रेझिनची ओतीव नक्कल. धुळीसाठी मऊ ब्रश पुरे. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका, कवच आणि भिंगं कॅल्साइटची असतात, आम्लात विरघळतात.