बडमेचा निवाडा 2002 साली लागला, मग गाव इथिओपियाकडेच कसं राहिलं?

अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या स्पर्धापरीक्षेच्या गटात सीमावादांवर मांडणी आहे आणि माझ्याकडे इथिओपिया-इरिट्रियामधलं बडमे आलंय. 1998 ते 2000 युद्ध, 2002 ला निवाडा, 2018 ला समेट, एवढा सांगाडा पाठ आहे. पण गाव इरिट्रियाचं ठरल्यावरही 16 वर्षं ताबा इथिओपियाचा कसा? आणि निवाडा लागला त्या दिवशी दोन्ही देशांनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं, ते कशाच्या जोरावर? शेवटी महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाशी तुलना करायचा विचार आहे. चालेल का?

भीमाकाठ

आधी रेघ समजून घ्या, बाकीचं आपोआप उलगडतं. इटलीचं राज्य इरिट्रियावर होतं तेव्हा सम्राट मेनेलिक दुसरा याच्याशी 1900, 1902 आणि 1908 असे तीन करार झाले. बडमेचा भाग 1902 च्या करारात येतो. त्यात सेतित नदीला माइतेब ओढा मिळतो तिथून मरेब नदीला माई अंबेसा मिळतो तिथपर्यंत हद्द सांगितली आहे आणि कुनामा जमात इरिट्रियाकडे राहावी असंही म्हटलंय. (सेतित म्हणजेच वरच्या अंगाची तेकेझे आणि मरेब पुढे सुदानकडे गाश होते. नकाशावर शोधताना ही नावं लागतील.)

घोळ माइतेबमध्ये आहे. त्या नावाचा खरा ओढा बराच पश्चिमेला सेतितला मिळतो. तिथून रेघ ओढली तर कुनामांचा मोठा मुलूख इथिओपियात जातो आणि कराराचा हेतूच बुडतो. म्हणून निवाडा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय सीमा आयोगाने पूर्वेकडचा तोमसाचा संगम धरला आणि तिथून माई अंबेसापर्यंत सरळ रेघ मारली. बडमे या रेघेच्या जरासं पश्चिमेला, म्हणजे इरिट्रियाच्या बाजूला पडतं. मांडणीत हे दोन संगम पट्टीने जोडून दाखवा. सगळा वाद त्या पट्टीच्या कडेला किती चिकटून आहे ते तिथे दिसतं.

दोघांनी विजय जाहीर केला त्याचं कारण साधं आहे. 13 एप्रिल 2002 च्या निवाड्यात रेघ अक्षांश-रेखांशांनी दिली होती, पण सोबतच्या नकाशावर बडमे दाखवलंच नव्हतं. गाव रेघेच्या कुठल्या बाजूला आहे हे आयोगाने मार्च 2003 मध्ये स्पष्ट केलं. वर्षभर दोन्ही राजधान्यांनी आपापल्या लोकांना आपलंच खरं म्हणून सांगितलं आणि मग माघार घेणं कुणालाच परवडेना. माझ्या मते आयोगाची सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. ज्या गावासाठी हजारो माणसं मेली त्याचं नाव नकाशावर पहिल्याच दिवशी असायला हवं होतं.

मोजणीदार

ताब्याबद्दल लिहितो. निवाडा कागदावर हद्द ठरवतो, त्यानंतर जमिनीवर आखणी असते आणि त्याही पुढे कारभार सोपवणं. मोजणीची नक्कल हातात आली म्हणून बांधावर दगड रोवला जात नाही, तसंच हे. आखणीसाठी आधी सुरुंग काढावे लागतात, हवाई छायाचित्रांवरून नकाशे करावे लागतात, मग पथकं जागेवर जाऊन खांबांच्या जागा पक्क्या करतात. यातल्या प्रत्येक कामाला दोन्ही सरकारांची परवानगी आणि सुरक्षा लागते, त्यामुळे एकाने हात आखडला तरी काम ठप्प.

झालंही तसंच. सप्टेंबर 2003 मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान मेलेस झेनावी यांनी सुरक्षा परिषदेला पत्र लिहून निवाडा बेकायदा आणि अन्यायकारक ठरवला आणि दुसरी यंत्रणा मागितली. नोव्हेंबर 2004 मध्ये 'तत्त्वतः मान्य' म्हणाले, पण आधी चर्चा हवी ही अट घालून. इरिट्रियाचं म्हणणं, निवाडा अंतिम आहे, आधी गाव द्या, मग बोलू.

त्यात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसाठीचा 25 किलोमीटरचा सुरक्षा पट्टा सगळा इरिट्रियाच्या हद्दीत होता. तोफेच्या माऱ्याचं अंतर म्हणून तो आकडा. (4,200 सैनिकांपर्यंत मंजुरी होती, आपली भारतीय बटालियनही त्यात होती.) निवाडा आपल्या बाजूने आणि सैन्य मात्र आपल्याच मुलखात मागे, ही असमाराची (इरिट्रियाच्या राजधानीची) तक्रार मला रास्त वाटते. पण राग निघाला तो शांतिसेनेवर. ऑक्टोबर 2005 मध्ये इरिट्रियाने तिची हेलिकॉप्टरं बंद केली, पुढे डिझेल अडवलं आणि जुलै 2008 च्या अखेरीस मोहीमच गुंडाळली गेली. खांब रोवता येत नाहीत म्हटल्यावर आयोगाने नोव्हेंबर 2007 मध्ये निर्देशांकांनीच आखणी झाली असं मानून काम संपवलं. बडमेत त्याने काहीच हललं नाही.

एक मुद्दा मात्र विसरू नका. नुकसानभरपाईसाठी वेगळा दावे आयोग होता. त्याने डिसेंबर 2005 मध्ये ठरवलं की मे 1998 मध्ये बडमेवर सैन्य घालून इरिट्रियाने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला, कारण तेव्हा तिथे इथिओपियाचा शांततेत कारभार चालू होता. जमीन इरिट्रियाची आणि ती बळाने घेणंही बेकायदा, हे दोन्ही निकाल एकाच वेळी उभे आहेत. एकच सांगितलात तर मांडणी एकतर्फी होईल.

अक्कलकोट_रोड

फार उपयोग झाला, आभार. महाजन आयोगाचं काय करू? आणि आज ताबा कुणाचा?

कंबर_तलाव

तुलना करा, पण दोन राष्ट्रं आणि एकाच देशातली दोन राज्यं हा फरक पहिल्याच वाक्यात सांगा. युद्ध संपवणाऱ्या अल्जीयर्स करारात (12 डिसेंबर 2000) दोन्ही देशांनी निवाडा अंतिम आणि बंधनकारक राहील असं आधीच लिहून दिलं होतं. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल म्हणजे शिफारस होती. महाराष्ट्राने ती फेटाळली, कर्नाटक तीच अंतिम म्हणतं, आणि राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार कलम 3 प्रमाणे संसदेचा. 2004 पासून कलम 131 खाली दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

खरी तुलना निकषांची करा. बडमेच्या आयोगाला फक्त जुने करार आणि आंतरराष्ट्रीय कायदा बघायची मुभा होती. न्याय्य वाटतं म्हणून रेघ वाकवायला करारातच मनाई, त्यामुळे गाव दुभंगलं तरी रेघ सरळ. आपल्याकडे महाराष्ट्र पाटसकर सूत्र मागतो : खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. तिथे रेघ गावाला वळसा घालून जाते. महाजनांनी निपाणी-खानापूरसह 264 गावं महाराष्ट्राला सुचवली, आपल्या अक्कलकोटसह 247 कर्नाटकाला, आणि बेळगाव जिथल्या तिथे ठेवलं. सोलापूरच्या श्रोत्यांना अक्कलकोट म्हटलं की निकष बदलला की गाव कसं इकडचं तिकडे होतं ते लगेच कळेल.

आता ताबा. जून 2018 मध्ये इथिओपियाचे पंतप्रधान आबी अहमद यांच्या सरकारने अल्जीयर्स करार पूर्ण मान्य केला आणि जुलैत असमाऱ्यात जाहीरनामा झाला, तरी बडमे हातात दिलं नाही. सप्टेंबरात उघडलेली नाकी काही महिन्यांत पुन्हा बंद झाली. कारण बडमेचा रोजचा कारभार इथिओपियाच्या तिग्राय प्रांताकडे होता आणि तिथल्या सत्ताधारी पक्षाचं आदिस अबाबाशी, म्हणजे केंद्र सरकारशी, फाटलेलं. नोव्हेंबर 2020 मध्ये तिग्रायचं युद्ध पेटलं, त्यात इरिट्रियाचं सैन्य उतरलं आणि बडमे त्यांनी घेतलं. ते युद्ध थांबवणाऱ्या नोव्हेंबर 2022 च्या प्रिटोरिया करारावर सह्या इथिओपिया सरकारच्या आणि तिग्रायच्या पक्षाच्या आहेत, इरिट्रिया त्यात नाही. म्हणून तो करार बडमेचा निकाल म्हणून सांगू नका, परीक्षक नेमकं तिथेच अडवतात.