मेटफॉर्मिननं पायातली ताकद जाते का?

दादा, तुम्ही लिहिलंय की पाय लटपटतात म्हणून बाबांनी मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी मनानंच बंद केली, तर आधी डॉक्टरांना गाठा बाप्पा, कारण शुगर वाढलेली राहिली तर स्नायू त्यानंच जास्त झिजतात. पण तुमची शंका अगदीच हवेतली नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतली एक ट्रायल छापून आली होती, ६५ अन् त्यापुढची माणसं, १४ आठवडे वजनं उचलायला लावली, काहींना मेटफॉर्मिन अन् काहींना नुसती खोटी गोळी, तर खोटी गोळीवाल्यांचे स्नायू जास्त भरले. ताकद मात्र दोन्हीकडं वाढली, अन् त्या लोकांना डायबेटिस नव्हताच, त्यामुळं ते बाबांना जसंच्या तसं लावता येत नाही.

माझ्या आईचं तर वेगळंच निघालं. आठ वर्षं हीच गोळी, नागपूरच्या फुटाळा तलावावर चालायला नेलं की अर्ध्यातच बसायची, तळपायाला मुंग्या, आम्ही म्हटलं वय झालं. मग व्हिटॅमिन बी१२ तपासलं तर पार तळाला! ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी होऊ शकतं, त्यात आई पक्की शाकाहारी, म्हणजे डबल मार. इंजेक्शनं घेतली, दोनेक महिन्यांत बरीच सावरली. (सावजी मटण खाणाऱ्यांनी खुश होऊ नका, तुम्हीपण तपासा.)

वर कोणीतरी सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे शुगर अन् वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचं विचारलंय, त्यात चरबीसोबत थोडे स्नायूही उतरतात, म्हणून डाळ-अंडी-पनीर अन् खुर्चीवरून उठबस सोडू नका. बाबांचं बी१२ कधी केलं होतं शेवटचं?